दरमहा दहा टक्क्यांचा हिशेब

मालाची पारख करण्यात आपल्या व्यापारी बांधवांचा हात कोणी धरणार नाही. नगरच्या कापड बाजारातला दुकानदार ताग्याचे टोक चिमटीत धरून कपडा सुती किती आणि मिसळीचा किती ते सांगतो. घोडेगावच्या बाजारात जनावर घेणारा आधी दात बघतो, मग भाव विचारतो. गॅरेजवाला गाडी दारात येण्याआधीच आवाजावरून बिघाड ओळखतो. पण हाच माणूस पंधरा-वीस वर्षांची शिल्लक एखाद्या गुळगुळीत माहितीपत्रकावरच्या योजनेत टाकतो तेव्हा दात बघत नाही, कपडा चिमटीत धरत नाही. “अमक्याने टाकले, त्याला दर महिन्याला मिळताहेत,” एवढ्या एका वाक्यावर मुलीच्या लग्नाचे, हजसाठी साठवलेले, दुकानाच्या पागडीचे पैसे दुसऱ्याच्या हवाली होतात.

हे दूरच्या शहरांत घडते असे कोणी समजू नये. २०२४ साली आपल्याच जिल्ह्यातील शेवगाव तालुक्यात ‘शेअर बाजारात पैसे लावून देतो’ म्हणणारी दुकाने एकामागून एक बंद पडली. चालक परागंदा झाले आणि पोलीस ठाण्यात गुन्हे दाखल झाले. पैसे टाकणाऱ्यांत शेतकरी होते, नोकरदार होते, छोटे दुकानदार होते. बँक वर्षाला जे देते ते ही मंडळी महिन्याला देऊ करत होती. खेडोपाडी जाऊन पैसे गोळा करणारे बहुतेक गावातलेच, ओळखीचे तरुण होते. शेअर बाजार म्हणजे काय हे अनेकांना माहीत नव्हते, पण पैसे आणणारा पोरगा कोणाचा हे माहीत होते. विश्वास बसला तो एवढ्यावरच.

म्हणून या लेखात आपण आधी वही-पेन्सिल घेऊन हिशेब करू. कायदा आणि कागद यांचे नंतर पाहू.

समजा, एका माणसाने शंभर जणांकडून प्रत्येकी एक लाख रुपये घेतले आणि दरमहा दहा टक्के, म्हणजे दहा हजार रुपये देण्याचे कबूल केले. त्याच्या हाती एक कोटी आले. माणसे आणून देणाऱ्यांना त्याने पाच टक्के दलाली दिली. राहिले ९५ लाख. आता दर महिन्याला दहा लाख वाटायचे आणि दोन लाख ऑफिस, नोकर, गाडी यांवर खर्च. म्हणजे महिना बारा लाख. त्याने कुठलाच धंदा केला नाही आणि स्वतःच्या खिशातही एक रुपया घातला नाही असे धरू. सात महिने वाटप अगदी वेळेवर होईल. आठव्या महिन्याला गल्ल्यात ११ लाख असतील आणि लागतील बारा.

आठव्या महिन्याच्या तोंडावर तो आणखी शंभर जण आणतो. पुन्हा ९५ लाख आले, शिल्लक झाली १०६ लाख. पण आता दोनशे जणांना वाटायचे आहे, म्हणजे खर्चासह महिना २२ लाख. ही रक्कम चारच महिने पुरते. मग तिसरे शंभर. या वेळी जेमतेम तीन महिने. सात, मग चार, मग तीन, अशी मुदत आक्रसत जाते आणि दर वेळी नवी माणसे अधिक घाईने आणावी लागतात. योजना बुडण्याआधी जाहिरात वाढते, बक्षिसे वाढतात, “फक्त या महिन्यापुरते बारा टक्के” असे फलक लागतात, त्याचे कारण हेच. बाहेरून ती भरभराट दिसते. खरे तर ती शेवटची धडपड असते.

चौदा महिन्यांनी वही बंद करून पाहा. पहिल्या शंभरांना प्रत्येकी एक लाख चाळीस हजार मिळाले. दुसऱ्या शंभरांना सत्तर हजार. तिसऱ्या शंभरांना तीस हजार. गल्ल्यात १७ लाख उरले आणि मालकाने ते घेऊन पळ काढला. पहिल्या शंभरांच्या हाती पडलेले वरचे चाळीस हजार कुठून आले? व्यापारातून नव्हे, कारण व्यापार झालाच नाही. ते मागून आलेल्या दोनशे जणांच्या मुद्दलातून आले. “मला तर फायदा झाला, मी वेळेवर बाहेर पडलो,” असे अभिमानाने सांगणाऱ्याने ही वही एकदा पाहावी. त्याच्या फायद्याचा धनी बहुधा त्याच्याच मोहल्ल्यातला एखादा शिंपी किंवा बागवान असतो, आणि त्याचे मुद्दल परत आलेले नसते.

जगात ही युक्ती जुनी आहे. १९२० साली अमेरिकेतील बोस्टन शहरात चार्ल्स पॉन्झी नावाच्या इसमाने ४५ दिवसांत ५० टक्के नफा देतो म्हणून लोकांना असेच लुटले. आंतरराष्ट्रीय टपाल कुपनांचा व्यापार करतो, असे तो सांगे. तेव्हापासून या प्रकाराला त्याचेच नाव पडले. बदलतो तो फक्त सांगण्याचा धंदा. पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीने गायी-म्हशी आणि शेळीपालनाचे नाव सांगितले. तिचे प्रमुख महेश मोतेवार यांना डिसेंबर २०१५ मध्ये अटक झाली. मुंबईत दादर येथे २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘टोरेस’ने चमकदार खडे विकून आठवड्याच्या आठवड्याला परतावा वाटला आणि जानेवारी २०२५ मध्ये वाटप थांबताच दुकानासमोर लोकांची गर्दी उसळली. ते खडे मोइसनाइटचे, म्हणजे हिऱ्यासारखे दिसणारे पण कारखान्यात तयार होणारे होते. जव्हेरी पेठेतल्या एखाद्या जाणत्या कारागिराला नुसते दाखवले असते तरी त्याने मोल सांगितले असते. पण पैसे टाकणाऱ्याचे लक्ष खड्याकडे नव्हतेच, आठवड्याच्या रकमेकडे होते.

यातून एक साधी कसोटी हाती येते. योजना ज्या धंद्याचे नाव सांगते, त्या धंद्यातल्या अनुभवी माणसाला जाऊन विचारा. शेळ्यांवर महिना दहा टक्के म्हणत असतील तर बकऱ्यांच्या व्यापाऱ्याला विचारा: चारा, आजार, मरतूक, वाहतूक धरून वर्षाकाठी काय सुटते? सोन्यावर म्हणत असतील तर सराफाला विचारा. घाऊक किराण्यातला माणूस शेकडा दोन-तीन टक्क्यांसाठी पहाटेपासून उभा असतो, आणि एखादा अनोळखी इसम घरबसल्या दहा टक्के देतो, तेही पाऊसपाणी, मंदी, लगीनसराई काहीही असो, ठरल्या तारखेला! दहा टक्के महिन्याचा धंदा ज्याला खरोखर सापडला आहे त्याने स्वतःचे एक लाख लावून नफा पुन्हा त्याच धंद्यात घालत राहावे. दहा वर्षांनी त्याचे ९२७ कोटी होतील. त्याला आपल्या एका लाखाची गरज काय?

‘हलाल मुनाफा’ हा शब्द

आता आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येऊ. व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे बँकेच्या ठेवीपासून दूर राहतात. पैसा घरात पडून राहतो, आणि त्याला वाट दाखवणारा कोणी ‘हलाल’ हा शब्द घेऊन आला की दार उघडते. गेल्या काही वर्षांतील दोन मोठी प्रकरणे याच दारातून शिरली.

हैदराबादच्या हीरा समूहाने सोन्याच्या व्यापाराचे नाव सांगून वर्षाला सुमारे ३६ टक्के परताव्याची भाषा केली. समूहाच्या प्रमुख नौहेरा शेख यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये अटक झाली. मुंबईतही या प्रकरणी गुन्हा दाखल झाला, कारण महाराष्ट्रातल्याही पुष्कळ कुटुंबांचे पैसे त्यात होते.

बंगळूरची आयएमए, म्हणजे आय मॉनेटरी अॅडव्हायजरी, २००६ मध्ये मोहम्मद मन्सूर खान याने सुरू केली. दागिन्यांचे दुकान, औषधांची दुकाने, शाळेला मदत, असा सारा थाट होता. जून २०१९ मध्ये खान दुबईला निघून गेला. त्याच्या आवाजातील एक ध्वनिफीत फिरू लागली आणि शिवाजीनगरातील कार्यालयासमोर हजारो माणसे जमली. जुलै २०१९ मध्ये दिल्लीत परतताच त्याला अटक झाली आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. मोठमोठ्या लोकांची वर्दळ, शाळेला दिलेली देणगी, संचालकाची नमाजी राहणी, यांपैकी कशानेही मुद्दल सुरक्षित होत नाही, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला एका सकाळीच कळले.

येथे शरिअतचा आणि हिशेबाचा निकाल एकच लागतो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मुदारबतमध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत असते. नफा झाला तर तो आधी ठरलेल्या हिश्श्याने वाटून घ्यायचा, उदाहरणार्थ साठ-चाळीस. तोटा झाला तर तो भांडवलवाल्याचा, आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत वाया. हिस्सा ठरतो तो झालेल्या नफ्याचा, दिलेल्या मुद्दलाचा नव्हे. “तुमच्या लाखावर दरमहा तीन हजार, मुद्दलाची हमी,” असे जो म्हणतो त्याने मुदारबत केलेलीच नाही. त्याने ठराविक व्याजावर कर्ज घेतले आहे आणि वर हलालची चिठ्ठी चिकटवली आहे. काही हुशार मंडळी आकडा थोडा खालीवर ठेवतात, या महिन्यात २.८ आणि पुढच्या महिन्यात ३.१, म्हणजे नफ्यासारखे दिसावे. अशा वेळी एकच विचारावे: एवढ्या महिन्यांत तोट्याचा महिना एकही का नाही? आणि खरेदी-विक्रीची वही कुठे आहे?

वही मागण्याचा हक्क आपल्याला आहे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदाराला पेढीच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा आणि त्यांची नक्कल घेण्याचा अधिकार असतो. आयएमएने पैसे टाकणाऱ्यांना मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांत भागीदार म्हणून दाखवले होते, म्हणजे कागदावर ती ‘ठेव’ दिसू नये. तेव्हा कोणी आपल्याला ‘पार्टनर’ करून घेत असेल तर खुशीने फुलून जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. वही दाखवतो का? आणि सही करतो आहोत ती साध्या भागीदारी पेढीच्या करारावर तर नाही? साध्या पेढीचे कर्ज फेडण्याची जबाबदारी प्रत्येक भागीदारावर येते, आणि ती आपल्या घरापर्यंत पोहोचू शकते.

कागद कोणता खरा?

फसवणाऱ्याच्या भिंतीवर चौकटींची कमतरता नसते. कंपनी नोंदणीचे प्रमाणपत्र, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, शॉप अॅक्ट लायसन्स, पॅन कार्ड, आयएसओचा शिक्का. हे सर्व कागद खरे असू शकतात. पण यांपैकी एकही कागद लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी देत नाही. शॉप अॅक्टचे लायसन्स तर आपल्या पंक्चरच्या दुकानालाही असते. त्याच्या जोरावर आपण गावाच्या ठेवी घेऊ शकतो काय?

परवानगी देणारी दारे मोजकीच आहेत. बँक आणि ठेवी घेणारी वित्त कंपनी यांच्यासाठी रिझर्व्ह बँक. शेअर, म्युच्युअल फंड, गुंतवणूक सल्लागार आणि लोकांचे पैसे एकत्र करून चालणाऱ्या सामूहिक योजना यांच्यासाठी सेबी. पतसंस्थांसाठी सहकार खाते. कोणत्या दाराने परवाना दिला, त्याचा क्रमांक काय, हे विचारावे आणि तो क्रमांक त्या खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः किंवा शिकलेल्या मुलाकडून तपासून घ्यावा. रिझर्व्ह बँकेचे ‘सचेत’ हे संकेतस्थळ याच कामासाठी आहे. तेथे तक्रारही करता येते. सेबीकडे नोंदलेला सल्लागार किंवा दलाल ठराविक परताव्याची हमी देऊ शकत नाही. म्हणून शेअर बाजाराचे नाव आणि महिन्याची हमी एकाच तोंडून ऐकली की पुढचे ऐकण्याची गरज उरत नाही.

स्टॅम्प पेपरवरचा करार आणि पुढच्या तारखेचे धनादेश यांवर आपल्याकडे फार भिस्त असते. करार पुरावा म्हणून उपयोगी आहे, पण रिकाम्या खात्यातून तो पैसे काढून देत नाही. धनादेश न वटल्यास बँकेची सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवसांची मुदत असते आणि ती संपल्यावर एक महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. “भाईजान, पुढच्या महिन्यात पुन्हा टाका,” या गोड बोलण्यात या मुदती निघून जातात.

रोख तर देऊच नये. वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिकची ठेव वा कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे. जो रोखच हवी म्हणतो त्याला मागे खूण ठेवायची नाही. शिवाय रोख दिलेला माणूस पुढे तक्रारीलाही कचरतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

बँक, पतसंस्था आणि भिशी यांत आपल्याकडे नेहमी घोळ होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख रुपये झाली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने आपल्या नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा लहान ठेवीदारांना आधार होता तो या विम्याचाच. पतसंस्थेला आणि ‘मल्टिस्टेट’ क्रेडिट सोसायटीला हा विमा नाही, मग तिची इमारत बँकेपेक्षा कितीही देखणी असो. शेजारच्या बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट २०२३ मध्ये अडचणीत आली तेव्हा पुष्कळांना हा फरक प्रथमच समजला. भिशीचे म्हणाल तर दहा-वीस ओळखीच्या दुकानदारांची, जितके भरले तितकेच मिळणारी भिशी हा परस्परांच्या सोयीचा व्यवहार आहे. पण भिशीवाला “पैसे काढू नका, माझ्याकडे ठेवा, वाढवून देतो,” म्हणू लागला की ती भिशी राहिली नाही.

व्याज टाळणाऱ्यांसाठी शरिअतच्या निकषांवर शेअर निवडणारे सेबी-नोंदणीकृत म्युच्युअल फंडही आहेत. टाटा एथिकल फंड हे त्यांतले एक नाव. त्यांत चढ-उतार असतो, मुद्दल घटूही शकते आणि ते कागदावर तसे लिहिलेलेही असते. आमचे मत विचाराल तर लहान कारागिराने आधी आपल्याच धंद्यात पाहावे. हंगामात स्वस्त मिळणारा कच्चा माल रोखीने उचलणे किंवा उधारीवर घेतलेली मशीन मोकळी करणे यांतली बचत डोळ्यांना दिसते.

आणणारा आपलाच असतो

सगळ्यात अवघड जागा ही आहे. योजना घेऊन येणारा अनोळखी नसतो. मेहुणा असतो, साडू असतो, मशिदीत शेजारी उभा राहणारा असतो. “मामू, माझ्यावर विश्वास नाही का?” या प्रश्नापुढे भले भले व्यापारी गप्प बसतात. त्यावर शांतपणे सांगावे, “बेटा, तुझ्यावर आहे. तू ज्याच्याकडे देतोस त्याचा परवाना दाखव.” बहुतेक वेळा या मुलाला स्वतःलाही काही माहीत नसते, त्याला दलाली मिळते आणि त्याचेही पैसे आत असतात. पण कायदा त्याला सोडत नाही. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या केंद्रीय कायद्यात, जाणूनबुजून खोटे सांगून इतरांना अशा योजनेत ओढणाऱ्यालाही एक ते पाच वर्षांची कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. घरातला तरुण अशी ‘एजन्सी’ घेऊन आला असेल तर त्याला हे कलम आजच सांगावे.

पैसे अडकले असतील तर

पहिला शत्रू लाज. “लोक काय म्हणतील” म्हणून माणूस घरीदेखील सांगत नाही, आणि त्या काळात मालमत्ता दुसऱ्यांच्या नावावर चढतात. दुसरा शत्रू आशा. “तक्रार केली तर साहेब आत जातील, मग पैसे कोण देणार?” हे वाक्य एजंटांच्या तोंडून मुद्दाम पसरवले जाते. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, ज्याला लोक एमपीआयडी म्हणतात. त्याखाली गुन्हा दाखल झाल्यावर शासन आरोपीची मालमत्ता जप्त करू शकते, सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने विक्रीची रक्कम ठेवीदारांत वाटली जाते. याला वर्षे लागतात आणि पूर्ण रक्कम क्वचितच मिळते. पण तक्रार जितकी लवकर, तितके जप्त करण्यासारखे अधिक शिल्लक.

फोनवरून किंवा ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर कळवावे. बाकी प्रकरणांत पोलीस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. एकट्याने जाण्याऐवजी गल्लीतल्या आठ-दहा जणांनी मिळून जावे. करार, पावत्या, खात्याचा उतारा, मोबाईलवरचे निरोप, माहितीपत्रक यांच्या दोन-दोन प्रती काढून मूळ कागद घरी ठेवावेत. “फी भरा, बुडालेले पैसे काढून देतो,” म्हणत कोणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. हा त्याच फसवणुकीचा दुसरा फेरा असतो. सक्षम प्राधिकाऱ्याची दावे मागवणारी सूचना वर्तमानपत्रात येते आणि तिला मुदत असते, म्हणून ती कोणाच्या नजरेस पडली की सर्वांना कळवावी. दाव्याच्या अर्जात दिलेल्या रकमेबरोबर आजवर मिळालेल्या परताव्याचा आकडाही खरा लिहावा. खात्याच्या उताऱ्यात तो दिसतोच.